मुंबईहून आर्क्टिकच्या कॅम्पवर, हेलिकॉप्टरने: वजन, परवाने आणि वाट पाहणं

आर्क्टिकच्या संशोधन मोहिमेत निवड झाल्याचं कळलं, की घरात पहिली धावपळ स्वेटरांची सुरू होते. स्वेटर मिळतील कुठेही. आधी एक बरा वजनकाटा घ्या आणि सामान टांगून मोजायचा हुकाचा काटाही घ्या. शेवटच्या टप्प्यात हेलिकॉप्टर असलेला प्रवास बराचसा वजनावर ठरतो, आणि उरलेला हवामानावर. हवामान आपल्या हातात नाही. वजन आहे, आणि ते काम दादरच्या किंवा डोंबिवलीच्या घरात बसूनच उरकायचं असतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांचं मोहिमेतलं नाव पक्कं झालंय: विद्यापीठातले संशोधक विद्यार्थी, यंत्रं सांभाळायला जाणारे तंत्रज्ञ, एखादा डॉक्टर. पर्यटनासाठी हेलिकॉप्टरने जायचं मनात असेल तर स्वालबार्डपुरता तो विचार सोडा. तिथे हौशी हवाई सफरींना बंदी आहे आणि मान्य धावपट्टीखेरीज कुठेही उतरायचं तर परवाना लागतो.

आधी ठिकाण समजून घ्या

भारतीय संशोधक बहुतेक वेळा स्वालबार्डला जातात. नॉर्वेच्या ताब्यातला हा द्वीपसमूह. तिथल्या न्यू-ऑलेसुंद या वस्तीत, ७९ अंश उत्तरेच्या अगदी जवळ, १ जुलै २००८ ला भारताचं 'हिमाद्री' केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. हिमाद्रीपर्यंत जायला हेलिकॉप्टर लागत नाही. लाँगयिअरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावाहून डॉर्निअर २२८ हे छोटं विमान तिथे जातं. (हेच विमान आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवते, त्यामुळे तटरक्षक दलात कोणी ओळखीचं असेल तर त्याला याची खडान्‌खडा माहिती असते.) हेलिकॉप्टर लागतं ते वस्तीपासून पुढे, हिमनदीच्या माथ्यावर किंवा जिथे बोट लागत नाही अशा किनाऱ्यावर तंबू टाकायचा असेल तेव्हा.

परदेशी विद्यापीठाच्या तुकडीतून जाणारे कॅनडातल्या रेझोल्यूटला किंवा ग्रीनलंडला पोचतात. कॅनडात 'पोलर कॉन्टिनेंटल शेल्फ प्रोग्रॅम' हा सरकारी विभाग १९५८ पासून शास्त्रज्ञांच्या विमान-हेलिकॉप्टरांची जुळवाजुळव करतो. तिथली एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा: हेलिकॉप्टर तुमच्यासाठी राखून ठेवलेलं नसतं. एकच यंत्र अनेक कॅम्पांना पुरवायचं असतं. तुमचा नंबर मंगळवारी असला तरी शेजारच्या कॅम्पचं काम सोमवारच्या धुक्यात अडकलं, तर तुमचा मंगळवार गुरुवारवर जातो. त्यात कोणावर चिडण्यासारखं काही नसतं.

कागदपत्रं: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

स्वालबार्डला जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही, हे अर्धसत्य ऐकून बरेच जण फसतात. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे प्रवेशाला व्हिसा नाही हे खरं. पण आपण जाणार ऑस्लोवरून, आणि ऑस्लो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर. म्हणजे तुम्ही ऑस्लोला शेंगेनमध्ये शिरता, स्वालबार्डला जाताना बाहेर पडता आणि परतताना पुन्हा शिरता. म्हणून व्हिसा किमान दोन वेळा प्रवेशाचा हवा. अर्ज भरताना एकच प्रवेश मागितला तर येताना लाँगयिअरब्येनमध्ये अडकायची पाळी येते. ग्रीनलंडचं प्रकरण निराळं आहे. डेन्मार्कचा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. व्हिसावर तो ग्रीनलंडसाठी वैध असल्याची नोंद लागते आणि ती अर्ज करतानाच मागून घ्यावी लागते.

व्हिशाची मुदत मागताना मोहिमेच्या तारखांना चिकटून मागू नका. परतीच्या तारखेनंतर निदान दोन आठवडे जास्तीचे मागा आणि सोबतच्या पत्रात कारण स्पष्ट लिहा: हवामानामुळे कॅम्पवरून निघायला उशीर होऊ शकतो. संस्थेच्या लेटरहेडवर हे वाक्य असलं की काम सोपं जातं.

पुढे स्थानिक परवाने. स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेरच्या कामासाठी गव्हर्नरच्या कार्यालयाला, तिथे त्याला सिसेलमेस्तर म्हणतात, आधी कळवावं लागतं. हेलिकॉप्टर नेमकं कुठे उतरणार ते नकाशातल्या अक्षांश-रेखांशासकट द्यायचं असतं. शोध आणि सुटकेच्या खर्चाचा विमा किंवा बँक हमी मागतात. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा प्रवास विमा इथे पुरत नाही, कारण त्यात दवाखान्याचा खर्च असतो पण डोंगरावरून उचलून आणायचा नसतो. पॉलिसीचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. लाँगयिअरब्येनचं रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला विमानाने नॉर्वेतल्या ट्रोम्सोला हलवतात. निघण्याआधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. थंडीत दुखरी दाढ माणसाला कामातून उठवते, आणि एका दाढेसाठी हेलिकॉप्टर बोलवायला कोणालाही आवडत नाही.

महागडी यंत्रं बरोबर असतील तर सहारवरून निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक असतो. नाहीतर परत येताना तुमच्याच यंत्रावर आयात शुल्क भरायची वेळ येते. मोठा लवाजमा असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे सामान शुल्काशिवाय तात्पुरतं बाहेर नेऊन परत आणायचा कागद, बरं पडतं. भारतात ते फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळतं. विमानतळावरचं हे काम पाच मिनिटांत होत नाही, तेव्हा नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचा.

आणि सॅटेलाइट फोन. कॅम्पवर तो लागतोच, पण मुंबईहून नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय इरिडियम किंवा थुरायाचा फोन भारतात बाळगणं हा गुन्हा आहे आणि विमानतळावर माणसं याच कारणाने पकडली गेली आहेत. परदेशी सहकाऱ्याने भेट दिलेलं, उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्रही त्याच फेऱ्यात येऊ शकतं. तिकडे पोचल्यावर भाड्याने घ्या. घेताना इरिडियमच घ्या: त्याचे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. विषुववृत्तावर स्थिर असलेले उपग्रह इतक्या उत्तरेला क्षितिजाला टेकलेले असतात, मध्ये एक टेकडी आली की संपर्क तुटला.

वजनाचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. आर्क्टिकमधल्या कॅम्पांना जी छोटी हेलिकॉप्टरं जातात त्यातलं एक नेहमीचं म्हणजे एअरबसचं एच १२५, जुन्या मंडळींच्या तोंडी एएस ३५०. सामान आत भरलेलं असताना त्याचं कमाल वजन २,२५० किलो. आकडा मोठा वाटतो. आता वजाबाकी करू.

रिकामं यंत्र, उपकरणांसकट, समजा १,३०० किलो. पायलट त्याच्या कपड्यांसह ९० किलो. टाकी ५४० लिटरची. जेट इंधन लिटरला साधारण ०.८ किलो, म्हणजे भरलेली टाकी ४३२ किलो. उरले ४२८. चार माणसं बसवली आणि प्रत्येकाचं जाड कपडे, बूट, खिशातलं सामान धरून ९० किलो मोजलं, तर ३६० गेले. हातात राहिले ६८ किलो. माणशी १७. यात तंबू नाही, चूल नाही, खाणं नाही, तुमचं ड्रिल किंवा रडार तर मुळीच नाही.

म्हणून दोन-तीन फेऱ्या होतात, किंवा जड सामान जाळीत बांधून पोटाखाली लटकवून नेतात, किंवा पायलट टाकी कमी भरतो. टाकी किती भरायची हा निर्णय फक्त त्याचा. त्याला जायचं, यायचं आणि वर राखीव इतकं इंधन हवंच. कॅम्प लांब असेल तर वाटेत आधीच इंधनाची पिंपं नेऊन ठेवलेली असतात. २०५ लिटरचं एक भरलेलं पिंप १८० किलोच्या घरात जातं, आणि ते तिथवर न्यायला पुन्हा इंधन जळतं. आर्क्टिकमध्ये उडणाऱ्या प्रत्येक किलोमागे असा दुसरा न दिसणारा किलो असतो. लॉजिस्टिक्सवाला तुमच्या जास्तीच्या तीन पुस्तकांकडे पाहून तोंड वाकडं करतो ते यासाठी.

घरी करायचं काम असं. ज्या कपड्यांत उडणार ते सगळे, बुटांसकट, अंगावर चढवून काट्यावर उभे राहा. मेमधल्या मुंबईत हे करताना घामाने निथळाल, घरचे हसतील, हसू द्या. तो आकडा तुमचं खरं उड्डाणाचं वजन. फॉर्मवर तोच लिहा. आपल्याकडे वजन विचारलं की माणूस पाच किलो कमी सांगतो. इथे चार जणांनी पाच-पाच किलो कमी सांगितले तर पायलटच्या हिशेबात वीस किलोचं भोक पडतं. पुरेसा वारा नसलेल्या उंच हिमनदीवरून उठताना ते त्याच्या लक्षात येतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

सामान मऊ डफल बॅगांत भरा. चाकांची कडक सूटकेस छोट्या हेलिकॉप्टरच्या अरुंद सामानकप्प्यात जात नाही आणि खडकाळ जमिनीवर तिची चाकं कामाची नाहीत. एकही डाग २० किलोच्या वर नको, कारण तो एका माणसाला वाकून उचलता आला पाहिजे. प्रत्येक डागावर जाड मार्करने दोन बाजूंना किलो लिहा. 'अंदाजे' हा शब्द लिहू नका.

सामानाचे तीन ढीग

पहिला ढीग म्हणजे तुमची जिवाची पिशवी. ती पाठीवर किंवा मांडीवर, तुमच्यापासून कधीच वेगळी होत नाही. त्यात झोपायची पिशवी किंवा निदान जाड अस्तराचं बिव्ही (उघड्यावर आत शिरून झोपायची खोळ), एक दिवसाचं खाणं, कोरडे मोजे आणि हातमोजे, टॉर्च, काडेपेटी, रोजची औषधं, चष्मा. हेलिकॉप्टर तुम्हाला सोडून दुसरी फेरी आणायला गेलं आणि मध्येच धुकं उतरलं, तर ही पिशवी हेच तुमचं घर.

दुसरा ढीग पहिल्या फेरीचा, आणि इथे एक नियम मोडायचा नाही: पहिली फेरी एकटीच उरली तरी जगू शकली पाहिजे. तंबू, चूल, इंधन, तीन-चार दिवसांचं खाणं, सॅटेलाइट फोन आणि अस्वलापासून बचावाचं सामान, सगळं पहिल्या माणसांबरोबर जातं. निदान दोन माणसं, त्यातलं एक बंदूक चालवायला शिकलेलं. तंबू पहिल्या फेरीत आणि त्याचे खांब दुसऱ्या फेरीत, असं होतं. खरोखर होतं. म्हणून एका कामाच्या सगळ्या वस्तू एकाच पिशवीत बांधा. तिसरा ढीग उरलेल्या सगळ्याचा: यंत्रं, खुर्च्या, पुस्तकं, तुमचा तबला असला तर तोही.

धोकादायक वस्तूंची यादी वेगळी करा आणि पायलटच्या हातात द्या. चुलीचं इंधन, गॅसची नळकांडी, काडतुसं, फ्लेअर, आम्लं, मोठ्या बॅटऱ्या. यातल्या बऱ्याच वस्तू प्रवासी विमानात चालतच नाहीत, त्या तिकडेच विकत घ्यायच्या. अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये कधीच नको. उडताना तो फुटला तर पायलट आंधळा होतो. तो बाहेरच्या टोपलीत किंवा लटकत्या जाळीत जातो. बंदूक रिकामी, बोल्ट काढलेला, आणि पायलटला तसं दाखवून. मुंबईच्या विमानातलंही लक्षात ठेवा: सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी, त्यापुढच्या प्रवासी सामानात जात नाहीत.

खाण्याबद्दल. मोहिमेत वाळवलेलं जेवण मिळतं, ते तिसऱ्या दिवशी नकोसं होतं. थोडं मेतकूट, कोरडी शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत, आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू यांनी माणूस टिकतो. डिंकाच्या लाडवांचा मोह मला कळतो, पण त्यात तूप आलं. नॉर्वेत युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्याचे नियम कडक आहेत, तेव्हा नसती झंझट कशाला. सुकट-बोंबील घरीच ठेवा. शेजारच्या फ्लॅटला वास जातो, तर अस्वलाला किती लांबून जाईल याचा विचार करा.

फ्रीझरची रंगीत तालीम

आपल्याकडे थंडीचा सराव करायला जागा नाही, पण घरचा फ्रीझर साधारण उणे १८ असतो. त्यात रात्रभर ठेवा: पेन, चिकटपट्टी, सनस्क्रीन, लाडू, कॅमेऱ्याची बॅटरी, बॅगेचं एखादं बक्कल. सकाळी बघा. बॉलपेन लिहीत नाही, स्वस्त प्लास्टिकचं बक्कल वाकवताच तुटतं, चिकटपट्टी चिकटत नाही, लाडवाने दात हलेल. म्हणजे पेन्सिल हवी, लाडू आतल्या खिशात हवा, बॅटरी छातीशी हवी. मग जाड हातमोजे घालून बॅगेची चेन, बुटाची नाडी आणि गाडीचा सीटबेल्ट लावून बघा. सीटबेल्ट जमला नाही तर हातमोजे बदला.

कपड्यांवर रकाने भरून लिहिलेलं सापडेल, मी थोडक्यात सांगतो: अंगाला लागून लोकर, मध्ये उबेचा थर, बाहेर वारा अडवणारा. सुती बनियन आणि जीन्स मुंबईतच. उन्हाळ्यात, म्हणजे जुलैमध्ये, लाँगयिअरब्येनचं सरासरी तापमान ६-७ अंश असतं, तेव्हा उणे चाळीसचे सूट घेऊन वजन वाढवू नका. मार्चचा कॅम्प असेल तर हिशेब पूर्ण वेगळा. आणि डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी घ्या. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही.

ऑस्लोपर्यंत आणि पुढे

मुंबईहून आखातातल्या किंवा युरोपातल्या एखाद्या विमानतळावर बदलून ऑस्लो, तिथून थेट किंवा ट्रोम्सोमार्गे लाँगयिअरब्येन. ऑस्लोला एक रात्र राहा. बॅग हरवली तर ती शोधायला तोच एक दिवस मिळतो. पुढे कॅम्पवर बॅग कोणी आणून देत नाही. कॅम्पसाठी लागणारं पहिल्या दिवसाचा कपड्यांचा जोड हातातल्या सामानात ठेवा. बूट तर पायातच घाला, सगळ्यात जड तेच असतात.

न्यू-ऑलेसुंदवरून जाणार असाल तर उतरायच्या आधी फोन-लॅपटॉपचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद. तिथे पृथ्वीचं भूमापन करणाऱ्या रेडिओ दुर्बिणी आहेत, म्हणून वस्तीच्या २० किलोमीटर परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झमधलं प्रक्षेपण विनापरवाना चालत नाही. तुमच्या यंत्राच्या सेन्सरमध्ये ब्लूटूथ असेल तर ते आधीच कळवा. मोकळा वेळ मिळाला तर वस्तीबाहेरचा लोखंडी मनोरा पाहून या. १९२६ च्या मे महिन्यात अमुंडसेनचं 'नोर्गे' हे हवाई जहाज त्याला बांधलं होतं आणि तिथूनच ते ध्रुवावरून अलास्काला गेलं.

थांबणं हेही काम आहे

छोटी हेलिकॉप्टरं नजरेच्या भरवशावर उडतात. ढगात शिरत नाहीत, पात्यांवर बर्फ धरण्याची भीती असते. उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येतं आणि कॅम्प झाकून टाकतं. इकडे वस्तीत लख्ख ऊन असतं, म्हणून नव्या माणसाला पायलट उगाच टाळाटाळ करतोय असं वाटतं.

धुक्याहून फसवं काय असेल तर फ्लॅट लाइट. वर एकसारखे ढग, खाली एकसारखं बर्फ, सावली कुठेच नाही. क्षितिज पुसलं जातं आणि जमीन दहा मीटरवर आहे की शंभर, हे अनुभवी डोळ्यालाही कळत नाही. २५ एप्रिल २०२१ ला कॅनडात रेझोल्यूटजवळच्या ग्रिफिथ बेटावर अस्वलांची पाहणी करणारं एएस ३५० जमिनीवर आदळलं, आतले तिघंही गेले. पायलट 'आज नाही' म्हणाला की विषय संपला. त्याला पुन्हा विचारू नका, दुसऱ्याकरवी विचारायला लावू नका, आपलं काम किती महत्त्वाचं आहे ते ऐकवू नका. अशा दबावाखाली उडालेल्या फेऱ्याच महागात पडतात.

मात्र तयार राहा. हवामान उघडलं की ते तासाभराचंही असू शकतं. उजेड चोवीस तास, त्यामुळे रात्री दोनला दार वाजेल आणि वीस मिनिटांत निघायचं असेल. सामान दारात बांधून ठेवलेलं, जिवाची पिशवी उशाशी. आणि वेळापत्रकात जाताना तीन-चार दिवस, येताना त्याहून जास्त मोकळे ठेवा. परतीचं तिकीट बदलता येणारंच घ्या. स्वस्त तिकिटाची बचत एका धुक्यात जाते.

चढणं आणि उतरणं

हेलिकॉप्टरजवळ पायलटने किंवा त्याच्या माणसाने खूण केल्याशिवाय जायचं नाही. जायचं ते समोरून किंवा समोरच्या बाजूने, त्याच्या नजरेत राहून, किंचित वाकून. शेपटीकडे कधीच नाही. मागचं पातं फिरताना दिसतच नाही. जमीन उतरती असेल तर वरच्या बाजूने येऊ नका, तिकडे मुख्य पातं डोक्याच्या उंचीवर येतं. टोपी हातात किंवा चेन लावलेल्या खिशात. स्की, तंबूचे खांब, मोजपट्टीचे बांबू आडवे धरून कमरेखाली न्यायचे. खांद्यावर उभा बांबू टाकायची आपल्याकडची सवय इथे जीव घेईल.

आत बसल्यावर पायलट जे सांगतो ते शंभर वेळा ऐकलं असलं तरी ऐका, आणि तो विसरला तर विचारा: दार कसं उघडतं, विस्तव विझवायचं नळकांडं कुठे आहे, जगण्याची पेटी कुठे आहे, संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र कुठे आहे. दार आपटू नका. आपली रिक्षा नव्हे ती. बिजागऱ्या नाजूक असतात.

कॅम्पवर उतरताना बहुधा पातं थांबवत नाहीत. हा प्रकार नीट डोळ्यासमोर आणा. दार उघडलं, खाली पाय टाकला, सामान यंत्राच्या अगदी शेजारी, पायलटला दिसेल असं एका ढिगात. मग पळत सुटायचं नाही. सगळ्यांनी त्या ढिगावरच गुडघे टेकून ओणवं व्हायचं, हातापायांनी पिशव्या दाबून धरायच्या, मान खाली. पायलटला अंगठा दाखवला की तो उठतो. पात्यांखालून सुटलेला वारा बर्फाचे कण सुयांसारखे तोंडावर मारतो, गॉगल नसेल तर डोळे मिटा. काही सेकंदांत आवाज वर जातो. मगच उठायचं. बसून राहिलात तर पायलटला सगळे कुठे आहेत हे पक्कं माहीत असतं. कोणी बाजूला पळाला की त्याचा जीव टांगणीला लागतो.

फियॉर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा, ओलांडायचा असेल तर अंगात समुद्रात तरंगणारा सूट चढवतात. त्याची चेन गळ्यापर्यंत बंद ठेवा, उकडलं तरी. अशा पाण्यावरच्या उड्डाणासाठीचं प्रशिक्षण म्हणजे पाण्यात उलटं झालेलं हेलिकॉप्टर सोडून बाहेर येणं. मुंबईकराला याची माहिती जवळच मिळते. जुहूहून बॉम्बे हायच्या प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्या कामगारांना हेच शिकवतात. ओळखीत कोणी ओएनजीसीतले काका असतील तर एका संध्याकाळी जाऊन बसा. ते तुम्हाला सांगतील: एक हात दाराच्या कडीवर, दुसरा बक्कलवर, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत बक्कल सोडायचं नाही, आणि जॅकेट आत असताना फुगवायचं नाही. फुगवलं की तुम्ही छताला चिकटता.

कॅम्पवर: आता हेलिकॉप्टरचे डोळे तुम्ही

उतरायची जागा सपाट, तंबूंपासून दूर. सैल ताडपत्री, रिकामे डबे, वाळत घातलेले मोजे, सगळं आधी आवरा. उडालेली प्लास्टिकची पिशवी इंजिनात गेली तर संपलं. वारा कळावा म्हणून काठीला रंगीत फीत बांधा. बर्फ असेल तर गडद रंगाच्या, दगड भरून जड केलेल्या पिशव्या रांगेत ठेवा, पायलटला उंचीचा अंदाज त्यावरून येतो. जाळीत लटकून आलेल्या सामानाखाली कधी उभे राहू नका, आणि हुकाला हात लावण्याआधी तो जमिनीला टेकू द्या. कोरड्या थंड हवेत त्यावर स्थिर वीज साठते, चांगला झटका बसतो.

सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी रेडिओ किंवा फोनवर हजेरी द्यायची. ती चुकली की पलीकडे शोधाची तयारी सुरू होते, तेव्हा 'झोप लागली होती' हे कारण नको. हजेरीत हवामान विचारतात. ढगाचा तळ किती उंचीवर? नकाशात शेजारच्या डोंगराची उंची बघा, ढग त्याच्या कुठवर आलेत ते सांगा. किती लांबचं दिसतं? ज्याचं अंतर ठाऊक आहे असा खडक किंवा टोक निवडा. याचा सराव इथेच होतो: पावसाळ्यात नरिमन पॉइंटला उभे राहा, खाडीपलीकडे मलबार हिलच्या इमारती दिसतात का, राजभवनचं टोक दिसतं का पाहा, अंतर नकाशावर मोजा. घरी जायची घाई झालेला माणूस हवामान जरा बरं करून सांगतो. ते कधी करू नका. तुमच्या शब्दावर कोणीतरी ढगाखालून उडत येणार असतं.

अस्वलाबद्दल तिकडे वेगळं प्रशिक्षण देतात, ते चुकवू नका. स्वालबार्डमध्ये २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर दूर राहण्याचा नियम आहे, १ मार्च ते ३० जूनमध्ये ५०० मीटर. खाणं तंबूपासून दूर, भोवती तारेचा गजर, रात्रीचा पहारा वाटून.

परतीची फेरी

परतीच्या तारखेपुढे निदान आठवड्याचं खाणं आणि चुलीचं इंधन शिल्लक ठेवा. परतताना वजन घटलं असेल असं वाटतं, पण नमुन्यांची भर पडते. बर्फाचे किंवा खडकांचे खोके मोजा आणि आकडा आदल्या दिवशी रेडिओवर कळवा. सगळा कचरा, रिकामी पिंपं परत जातात. जमिनीवर जुना गंजलेला खिळा, फळकुट, व्हेल पकडणाऱ्यांच्या काळची विटेची चूल दिसली तर हात लावू नका. स्वालबार्डमध्ये १९४६ पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण कायद्याने संरक्षित आहे. आठवण म्हणून खिशात घातलेलं तेवढंच एक काहीतरी तुम्हाला ऑस्लोला अडकवू शकतं.

माती, शेवाळ किंवा तत्सम नमुने भारतात आणायचे तर आयातीचे परवाने मोहिमेला निघण्याआधीच संस्थेकडून मिळवलेले हवेत. सहारला उतरल्यावर हिरव्या वाटेने सरळ बाहेर पडू नका. लाल वाटेला जा, निर्यात प्रमाणपत्र आणि परवान्यांची फाइल वरच्या कप्प्यात ठेवा, आणि गोठवलेला खोका असेल तर त्याला घ्यायला गाडी आणि कोरडा बर्फ घेऊन कोणालातरी बाहेर उभं करा. कस्टम्सच्या टेबलावरचा वेळ किती जाईल ते सांगता येत नाही, आणि बाहेर बत्तीस अंश असतात.